पोकरमध्यें पानें उघडण्याचा हक्क

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत हातचीं पानें शेवटीं सर्वांच्या दृष्टीस पडतात. पोकरची गोष्ट निराळी आहे. या खेळांत कित्येक डाव असे संपतात कीं, जिंकणाराच्या हातांत काय होतें हें भोंवतीं बसलेल्यांस कधींच कळत नाहीं. म्हणूनच पानें कोणीं, केव्हां व कोणास दाखवावींत, या प्रश्नाला तेथें फार महत्त्व आलें आहे. वरवर पाहतां हा केवळ शिष्टाचाराचा किरकोळ भाग वाटतो. पण त्याचा इतिहास पाहिला म्हणजे दिसून येतें कीं, हातचें गुपित राखणें आणि कपट उघडकीस आणणें या दोन गरजांचा तोल याच नियमांनीं सांभाळला आहे.

१८२९ सालच्या डिसेंबर महिन्यांतील एक प्रसंग या दृष्टीनें बोधप्रद आहे. लुईव्हिल शहराहून न्यू ऑर्लिन्सकडे जाणाऱ्या एका आगबोटींत जोसेफ कॉवेल हा इंग्रज नट प्रवास करीत होता. त्या काळीं पोकर वीसच पत्त्यांनीं खेळत; दश्शीपासून एक्क्यापर्यंतचीं पानें चौघांत पांच पांच वांटलीं कीं जोड संपे. रात्रीं दाट धुकें पडलें, बोट चिखलांत रुतली, आणि बाष्पपात्र फुटलें कीं काय या भीतीनें खेळणारे बाहेर धांवले. तेवढ्यांत हिरवा चष्मा लावलेल्या एका धंदेवाईक जुगाऱ्यानें पत्ते आपल्या सोयीनें रचून ठेवले. पुढें डाव वांटला गेला, पैजा चढत गेल्या, आणि शेवटीं चारी हात उजेडांत आले. एकाकडे चार राण्या व एक्का, दुसऱ्याकडे चार गुलाम व एक्का, खुद्द वांटणाराकडे चार दश्शा व एक्का, आणि एका तरुण वकिलाकडे चार राजे व एक्का! गडबडींत जुगाऱ्याचा हिशेब एका हातानें चुकला होता. स्वतःसाठीं रचलेलीं पानें वकिलाकडे गेलीं, आणि दोन हजार डॉलरांहून अधिक रक्कम त्याच्या खिशांत पडली. कॉवेलनें ही हकीकत १८४४ मध्यें आपल्या आठवणींच्या पुस्तकांत छापली. वीस पत्त्यांची इतकी नीटनेटकी वांटणी दैवाच्या हातून होत नाहीं, हें कोणाहि जाणत्याच्या ध्यानीं येईल. पण तें ध्यानीं येण्यास पानें उताणीं व्हावीं लागलीं. तीं पालथींच राहतीं तर त्या कपटाचा मागमूसहि उरला नसता.

यावरून प्रत्येक डावांत सर्वांनीं पानें दाखवावींत, असा नियम करणें सोपें वाटेल. परंतु तसें केल्यास खेळाचा प्राणच जातो. हात हलका असतांहि मोठी पैज लावून प्रतिपक्षास हूल देणें, हें पोकरमधील मुख्य कौशल्य होय. म्हणून मूळ नियम असा ठरला कीं, शेवटच्या पैजेला कोणीच तोंड दिलें नाहीं, तर पैज लावणारानें पानें न दाखवितां रक्कम उचलावी. ज्याला तीं पाहावयाचीं असतील त्यानें पैजेइतके पैसे टाकावे. आपल्याकडील तीन पत्तींत ‘शो’ मागणारास पैसे भरावे लागतात, त्यांतील न्याय हाच आहे. पाहण्याचा हक्क विकत घ्यावयाचा असतो. तो फुकट मिळत नाहीं.

आरंभीं हे नियम तोंडींच चालत. पुढें १८७२ मध्यें अमेरिकेचे इंग्लंडमधील वकील जनरल रॉबर्ट शेंक यांनीं तेथील एका उमराव घराण्यांतील यजमानिणीच्या आग्रहावरून पोकरचे नियम लिहून दिले व ते छापले गेले. मात्र मित्रमंडळींच्या दिवाणखान्यांत जें सभ्यतेवर भागतें, तें अनोळखी लोकांच्या अड्ड्यावर भागत नाहीं. नेव्हाडा संस्थानानें १९३१ मध्यें जुगार कायदेशीर केल्यावर तेथील कॅसिनोंत एकमेकांस न ओळखणारे लोक एका टेबलाशीं बसूं लागले. अशा ठिकाणीं पानें दाखविण्याचा क्रमहि ठरवून द्यावा लागतो. शेवटची चढती पैज ज्यानें लावली त्यानें प्रथम पानें उघडावींत. कारण दुसऱ्यानें तीं पाहण्याचे पैसे भरलेले असतात. शेवटच्या फेरींत पैजच लागली नसेल, तर वांटणाराच्या डावीकडील पहिल्या खेळाडूनें आरंभ करावा. तोंडानें कोणी कांहींहि म्हटलें तरी निर्णय टेबलावर उताण्या पडलेल्या पानांवरून व्हावा. शेजाऱ्यास पान दाखविलें तर तें सर्वांनाच दाखवावें, हा दंडकहि याच न्यायाचा आहे; एकास मिळालेली माहिती दुसऱ्यास नाकारणें हा पक्षपात होय. आपला हात जिंकणारा आहे हें ठाऊक असून पानें उघडण्यास मुद्दाम विलंब लावणें नियमाविरुद्ध नसलें, तरी असभ्यपणाचें मानतात.

सर्वांत नाजुक प्रश्न हरलेल्या हाताचा. दोघां खेळाडूंनीं आंतून संगनमत करून तिसऱ्यास लुबाडूं नये, म्हणून शेवटपर्यंत टिकलेला कोणताहि हात, हरून पालथा टाकला असला तरी, पाहावयास मागण्याची मुभा खेळाडूंना देण्यांत आली. पण कालांतरानें लोक या मुभेचा उपयोग केवळ कुतूहलासाठीं, किंवा हरलेल्याला खिजविण्यासाठीं करूं लागले. बॉब सियाफोन यांनीं संकलित केलेल्या नियमांत यावर तोड काढलेली आहे. ही मुभा म्हणजे सवलत असून तिचा दुरुपयोग केल्यास ती काढून घेतां येते. शिवाय डाव जिंकणारानेंच तो पालथा हात मागितला, तर तो जिवंत धरला जातो, आणि वरचढ निघाल्यास मागणाराची रक्कम त्याच्याच हातून जाते. फुकटच्या कुतूहलाला याहून चांगला लगाम सांपडणें कठिण.

पुढें दूरचित्रवाणीनें या जुन्या व्यवस्थेंत नवी भर घातली. १९९९ मध्यें ब्रिटनमध्यें टेबलाला कांच बसवून खेळाडूंचीं गुप्त पानें प्रेक्षकांना दाखविण्यांत आलीं. २००३ सालच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतींत ख्रिस मनीमेकर यानें हातांत साधी जोडी नसतांना सर्व रक्कम पैजेस लावली. सॅमी फारहा याच्याजवळ नश्शांची जोडी असूनहि त्यानें पानें टाकून दिलीं. समोर बसलेल्या फारहाला त्या वेळीं तीं पानें पाहण्याचा हक्क नव्हता, कारण त्यानें पैसे भरले नव्हते. आणि घरबसल्या लक्षावधि प्रेक्षकांनीं तीं मागाहून फुकट पाहिलीं.

आज गोव्यांत मांडवीच्या पात्रांत उभ्या असलेल्या जहाजांवरहि पोकर खेळला जातो. मिसिसिपीवरील त्या आगबोटीपासून काळ फार पुढें आला. पण पैसे भरल्यावांचून कोणाचें गुपित मागूं नये, आणि पैसे भरणारापुढें कोणीं तें झांकूं नये, हा दुहेरी करार मोडला तर उरतो तो खेळ नव्हे, निव्वळ लूट.