मानेच्या जोखडाची कुळकथा

दिघी-भोसरीच्या ज्या मुलखात बैलगाड्यांच्या घाटाला अजून पंचक्रोशी लोटते, तेथे जोखडाचे प्रयोजन कोणास सांगावे लागत नाही. परंतु ताशी तीनशे किलोमीटर धावणाऱ्या, उघड्या चाकांच्या शर्यती मोटारीत चालकाच्याच खांद्यांवर कार्बनतंतूंचे जोखड चढते आणि त्याच्या दोन वाद्या शिरस्त्राणाला अडकवल्याखेरीज त्याला मैदानात सोडीत नाहीत, हे ऐकून घाटातला जाणता गाडामालकही चकित होईल.

हान्स नावाचे हे उपकरण जन्मले ते आधीच्या एका उपायाच्या अपुरेपणातून. गाडी पेटली तर तीत जखडून राहण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, अशी जुन्या चालकांची समजूत होती, आणि इंधनाच्या टाक्यांना खेटून बसणाऱ्याची ती समजूत अगदीच निराधार म्हणवत नाही. तरीही फॉर्म्युला वनमध्ये १९७२ साली आसनपट्ट्यांची सक्ती झाली; तोच हा आधीचा उपाय. धड आसनाशी जखडले गेले, मस्तक तेवढे मोकळे राहिले. मस्तक व शिरस्त्राण मिळून सहा किलो धरले, तरी गुरुत्वाच्या पन्नासपट मंदन होताच मानेवर क्षणभर ३०० किलोंचा ओढा येतो, आणि कवटी जेथे कण्यावर टेकते तेथे तिचा तळ भंगतो. अंगावर फारशी जखम नसलेला चालकही अशा रीतीने प्राणास मुके.

१९८१ साली अमेरिकेतील मिड-ओहायोच्या शर्यत-मैदानावर पॅट्रिक जॅकमार हा चालक याच प्रकारे गेला. त्याचा परिचित शर्यतपटू जिम डाउनिंग याने हे गाऱ्हाणे नेले ते आपले मेहुणे, मिशिगन स्टेट विद्यापीठाचे जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांच्याकडे. हबर्डांनी पूर्वी जनरल मोटर्सच्या सेवेत असता अपघात-चाचणीच्या पुतळ्याचे डोके सिद्ध केले होते. योग्य दफ्तरी अर्ज पडला, असेच म्हणावयाचे. त्यांची युक्ती सरळ होती: खांद्यावरचे पट्टे जोखडाला दाबतात, जोखड शिरस्त्राणाला आवरते, धड व मस्तक एकाच वेळी थांबतात आणि मानेच्या वाट्याचा भार पट्ट्यांकडे वर्ग होतो.

पहिले जोखड अवजड होते, आणि चालकांनी त्याला वर्षानुवर्षे नाके मुरडली. ३० एप्रिल १९९४ रोजी इमोलाच्या मैदानावर फॉर्म्युला वन चालक रोलँड रात्झेनबर्गर कवटीचा तळ भंगून मरण पावला. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर आयर्टन सेना गेला, तेव्हा कोठे दरबारी चौकशीला वेग आला. एअरबॅग आणि जोखड यांची तुलना झाली, जोखड सरस ठरले, त्याचा आकार आटोपशीर करण्यात आला, आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये त्याचा अंमल सक्तीने सुरू झाला. सेनाच्या मस्तकावर मात्र गाडीचाच तुटलेला भाग आदळला होता. त्यावर जोखडाचा इलाज नव्हता. चालकाच्या डोक्यावरून जाणारी टायटॅनियमची हेलो कमान २०१८ साली सक्तीची झाली, तिचे कूळ वेगळे.

हबर्डांच्या कामाची दुसरी शाखा, म्हणजे ते पुतळ्याचे डोके, आमच्या शेजारी पोहोचली आहे. मोटारींची धडक-चाचणी घेऊन तारे देणाऱ्या भारत एनकॅप योजनेचा कारभार भोसरीच्या सीआयआरटी या संस्थेकडे आहे, आणि त्याचे पहिले पंचतारांकित दाखले डिसेंबर २०२३ मध्ये टाटांच्या हॅरिअर व सफारी या गाड्यांना मिळाले. ताशी ६४ किलोमीटरच्या समोरील धडकेत पुढच्या आसनांवर जे हायब्रिड-३ पुतळे बसवतात, त्यांचे डोके हबर्डांच्याच कामातून आलेले; फक्त त्यांच्या खांद्यावर जोखड नसते, आणि शर्यतीत मागे पडलेली एअरबॅगच तेथे मान सांभाळते.