कॅसेटमधला ठेवा आणि तेरचा धडा

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो आणि ते नगर म्हणजेच तेर, हे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. पण ग्रंथातल्या एका उल्लेखातून गावाचा इतिहास उभा राहत नाही. इथे तो उभा राहिला, कारण पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर उघडे पडणारे मणी, नाणी आणि मृण्मूर्ती संग्राहक रामलिंगप्पा लामतुरे यांनी नेमाने गोळा केल्या. इतरांच्या लेखी ती मातीतली मोडतोड होती. त्याच संग्रहातून तेरचे शासकीय संग्रहालय आकाराला आले. इथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांना दाखवता आले, तेही वस्तू जागेवर राहिल्यामुळेच. कोणती वस्तू इतिहासाचे साधन ठरणार, हे ती टाकून देण्याच्या वेळी कोणालाच कळत नसते. माझे म्हणणे असे की, १९९०च्या दशकात घरोघरी आलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी आज नेमक्या याच अवस्थेत आहेत. त्यांतली माहिती उतरवून घेण्याचे काम आता, आणि याच जिल्ह्यात, व्हायला हवे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम बाजारात आणला. यंत्र टीव्हीला जोडायचे, वरच्या खाचेत साठ पिनांची कॅसेट खोचायची आणि खेळायचे. भारतात हे यंत्र ‘समुराई’ या नावाने विकले गेले, पण निमशहरी भागापर्यंत पोचल्या त्या मुख्यतः त्याच्या स्वस्त नकला. ‘लिटल मास्टर’ हे त्यांतलेच एक नाव. जिथे संगणक कचेऱ्यांतही क्वचित दिसे, तिथे पडद्यावरचे चित्र आपल्या बोटांच्या हुकमाने हलते, हा अनुभव अनेकांना पहिल्यांदा याच यंत्रांनी दिला. मारिओ, काँट्रा, रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’, सर्कस चार्ली ही नावे त्या पिढीला पाठ आहेत. नकली कॅसेटींची तऱ्हाही वेगळीच होती. वेष्टनावर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असे. आत मोजके खेळ आणि तेच खेळ वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून लांबवलेली यादी. मूळ कंपनीचे नाव पुसलेले, शीर्षक बदललेले, नायकाला तीनऐवजी मनमुराद जीव बहाल केलेले. बहुतेक कॅसेटींत खेळ साठवून ठेवण्याची सोयच नव्हती. वीज गेली की कमावलेले सगळे पुसले जाई, आणि भारनियमनाच्या काळात मराठवाड्यात ती किती वेळा जाई, हे वेगळे सांगायला नको.

कॅसेट उघडली की आत हाताच्या तळव्यात मावेल एवढी सर्किटची पाटी दिसते. मूळ जपानी कॅसेटीत तिच्यावर पायांच्या चिप असतात; स्वस्त नकलेत त्यांच्या जागी काळ्या राळेचा घट्ट थेंब असतो आणि चिप त्याखाली दडलेली असते. एका भागात खेळाच्या आज्ञा, दुसऱ्यात चित्रे. अख्खा सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटमध्ये मावतो. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. उतरवण्याची रीत अवघड नाही, पण चिकाटीची आहे. आधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या. फुंकर मारण्याची जुनी सवय इथे घातक, कारण श्वासातला ओलावा धातूला गंज चढवतो. मग वाचकयंत्र एकेका पत्त्यावरचा बाइट वाचून फाइल तयार करते. मोठ्या कॅसेटीत माहितीचे गट आलटून पालटून समोर आणणारी जोडणी असते. ती ओळखली नाही तर पहिलाच गट पुन्हा पुन्हा वाचला जातो आणि फाइल वरवर पुरी दिसूनही अपुरी राहते. म्हणून ती आधी ओळखायची. शिवाय वाचनातली चूक पकडण्यासाठी दोनदा वाचायचे आणि दोन्ही फाइलींची तपासबेरीज, म्हणजे सगळ्या बाइटांवरून काढलेला आकडा, ताडून पाहायची. आत बॅटरी असेल तर ती बदलण्याआधी साठवलेला खेळ उतरवायचा, कारण बॅटरी काढताक्षणी तो जातो. कारखान्यातच माहिती कोरलेल्या चिप दशकानुदशके टिकतात हे खरे. पण विद्युतभाराच्या रूपात माहिती साठवणाऱ्या चिपमधला तो भार हळूहळू झिरपतो. बाहेरून दोन्हींतला फरक नेहमी कळत नसल्यामुळे थांबून राहण्यात शहाणपण नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, मारिओ आणि काँट्रा जगभरच्या हौशी संग्राहकांनी केव्हाच उतरवले आहेत. धाराशिवमधून त्यात कोणती भर पडणार? प्रसिद्ध खेळांच्या मूळ आवृत्तींपुरते हे बरोबर आहे. पण अमेरिकेसारख्या देशातही व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वीच्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. आपल्याकडे जे खेळले गेले, ते तर मूळ खेळ नव्हतेच. ती होती बदललेली, जोडलेली, पुन्हा छापलेली रूपे. त्यांच्या याद्या, त्यांतल्या चुका, त्यांची मुखपृष्ठे हाच इथल्या बाजाराचा पुरावा आहे. इथे तेरचा दुसरा धडा उपयोगी पडतो. टेकाडावर वेचलेली मूर्ती सुंदर असते, पण ती कोणत्या थरातली हे सांगू शकत नाही. त्यासाठी १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ बा. ना. चापेकरांना रीतसर उत्खनन करावे लागले. कॅसेटीचेही तसेच. ती सोलापूरहून आली की हैदराबादहून, विकत घेतली की भाड्याने, कोणत्या वर्षी आणि केवढ्याला, हे तिच्यावर छापलेले नसते. ते सांगणारी माणसे आज पन्नाशीच्या आसपास आहेत आणि दुकान चालवणारे त्याहून वडीलधारे. नुसती फाइल परदेशातही मिळेल. हा थर इथेच मिळेल.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो हलका नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-प्रणाली साहित्यकृतीत मोडते. कलम ५२ (१) (एए) कायदेशीर ताबा असणाऱ्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करू देते. २०१२च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी अंकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली, पण ती ग्रंथालयाजवळ कृतीची अंकीय नसलेली प्रत असेल तर. कॅसेट जन्मतःच अंकीय, त्यामुळे ती या सवलतीच्या कक्षेत सरळ बसत नाही. आणि नकली कॅसेटीचा ताबा कायदेशीर मानायचा का, हाही प्रश्न उरतोच. यातून निष्कर्ष निघतो तो काम सोडून देण्याचा नव्हे, मर्यादा पाळण्याचा. उतरवलेल्या फाइली लोकांत वाटू नयेत, विकू नयेत. कॅसेटीची, पाटीची आणि वेष्टनाची तपशीलवार नोंद, तपासबेरीज, खेळांची यादी आणि दुकानदारांच्या मुलाखती यांना यातली अडचण फारशी येत नाही, आणि इतिहासकाराला आधी लागते ते हेच. ग्रंथालयांच्या सवलतीत जन्मतः अंकीय कृतींनाही स्थान द्यावे, ही मागणी मात्र उघडपणे करायला हवी.

तिसरा आक्षेप मनाला भिडणारा आहे: दुष्काळाने वारंवार होरपळणाऱ्या जिल्ह्यात पोराबाळांच्या खेळांवर कोणी वेळ का घालवावा? खर्चापुरते उत्तर सोपे आहे. वाचकयंत्राला साध्या स्मार्टफोनपेक्षा जास्त पैसे पडत नाहीत. महत्त्वाचे उत्तर वेगळे आहे. ‘आलम आरा’ हा १९३१चा पहिला भारतीय बोलपट आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ मध्ये, आणि तोवर करमणूक म्हणून बाजूला टाकलेले कितीतरी चित्रपट नाहीसे झाले होते. गरीब भागातल्या माणसांच्या जगण्याची नोंद सरकारी दप्तरात येते ती टंचाई, कर्ज आणि मदत या रकान्यांत. त्यांची हौस, त्यांचा आनंद, यंत्राशी झालेली त्यांची पहिली ओळख या रकान्यांत मावत नाही. ती जपली नाही, तर पुढचा इतिहासकार या जिल्ह्याकडे केवळ दुःखाचा प्रदेश म्हणून पाहील, आणि ते अर्धसत्य असेल.

काम कोणी करायचे, हेही ठरवता येण्याजोगे आहे. धाराशिवमध्ये मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, जिल्हाभर सार्वजनिक ग्रंथालये आहेत, आणि जुनी यंत्रे उघडून दुरुस्त करणारे कारागीर तालुक्याच्या ठिकाणी अजून बसतात. विद्यार्थ्यांनी कॅसेटी गोळा करून नोंदवाव्यात, कारागिरांनी त्या उघडून द्याव्यात, ग्रंथालयाने नोंदी सांभाळाव्यात. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात सास्तूरसारख्या गावांतली घरे एका पहाटेत जमीनदोस्त झाली, आणि माणसांबरोबर घरातली कागदपत्रे, फोटो, किडूकमिडूकही ढिगाऱ्याखाली गेले. म्हणून नोंदीची एक प्रत जिल्ह्यात राहिली तर दुसरी जिल्ह्याबाहेर हवीच. लामतुरे यांच्यापाशी विद्यापीठ नव्हते, उपकरणे नव्हती. होती ती वस्तू टाकून न देण्याची दृष्टी. आज साधने हाताशी आहेत, माणसे हयात आहेत आणि चिप अजून वाचता येतात. या तिन्ही गोष्टी एकत्र असण्याचा काळ थोडा आहे, आणि जिल्ह्याने तो वापरायला हवा.