मानिक चौक आणि हरकतीची मुदत

झाशीचा किल्ला १६१३ मध्ये ओरछाच्या वीरसिंहदेवाने बांधला. अठराव्या शतकात मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी तो वाढविला व पायथ्याशी शहर वसविले. मानिक चौक ही त्याच जुन्या शहरातील पेठ. अशा पेठांत दुकान व बिऱ्हाड एकत्र नांदत आले. 'निवासी' आणि 'व्यापारी' असे जमिनीचे कप्पे पुष्कळ नंतरचे.

हे कप्पे बदलताना नागरिकाला किती अवधी मिळतो? उत्तर प्रदेशाच्या १९७३ च्या नगर नियोजन व विकास कायद्याच्या कलम १३ नुसार वर्तमानपत्रात सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. मात्र अखेरची तारीख त्या सूचनेतच ठरते. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम ३७ अधिक काटेकोर आहे. हरकतींसाठी एक महिना, बाधितांना स्वतंत्र नोटीस व सुनावणी, आणि राजपत्रातील सूचनेपासून वर्षाच्या आत प्रस्ताव शासनाकडे. अन्यथा तो व्यपगत.

वेळापत्रक ही कारकुनी बाब वाटते. परंतु वडिलोपार्जित घर झाशीत आणि वारस पुण्यात वा परदेशात असेल, तर स्थानिक वर्तमानपत्रातील चार ओळी त्याच्यापर्यंत पोहोचेतो मुदत सरते.

१८५४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचे अर्ज फेटाळून संस्थान खालसा झाले. तेव्हा अर्ज ऐकणे ही सत्तेची मर्जी होती. आज हरकत विचारात घेणे हे कायद्याने घातलेले कर्तव्य आहे. पुरेशी मुदत नसेल, तर ते कर्तव्य कागदावरच राहते.