खबर पोचवणारे वाचक

आडगल्लीत दुकान काढले तरी येताजाता चार माणसांना त्याची पाटी दिसते. संकेतस्थळाचे, म्हणजे आपण बोलताना ज्याला वेबसाईट म्हणतो तिचे, तसे नाही. ती नुसती उघडली म्हणून कोणाच्या नजरेस पडत नाही. 'इकडे या, हे बघा' असे कोणीतरी म्हणावे लागते. मग हे बोलावणे कोणी करायचे? मालकाने, की तिथे एकदा येऊन गेलेल्याने? प्रश्न आजचा वाटतो खरा, पण आपल्या मुलखात एका नांगराच्या कारखान्यापुढे तो शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. कोल्हापूरहून पुण्याच्या गाडीत बसलात की वाटेत लागते. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची तेव्हा समजूत होती. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा कारखान्याला दिल्या आणि त्या वितळून नांगर झाले, ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगतात. पण नांगर तयार होणे निराळे आणि तो शिवारात उतरणे निराळे!

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकला शिकलेले. त्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी, एवढाच आरंभीचा हेतू. पण नुसत्या मालाच्या खबरीची दर महिन्याला कोण वाट पाहणार? हळूहळू त्यात उद्योगधंदे आले, समाजसुधारणा आली, कथा आल्या, वादही आले. १९२९ साली नावातली 'खबर' गळाली व नुसते 'किर्लोस्कर' उरले. पुढच्याच वर्षी 'स्त्री' निघाले, १९३४ साली 'मनोहर'. ज्यांनी जन्मात नांगराला हात लावला नाही अशांच्या घरातही कारखान्याचे नाव गेले. माझ्या मते मराठीत इतकी यशस्वी जाहिरात दुसरी झालेली नाही, आणि वाचकांना ती आपली वाटू लागली म्हणूनच ती साधली.

आता पाऊणशे वर्षे ओलांडून पुढे या. १९९६ च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेत अजय गल्लेवाले यांनी 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू केले. त्या काळी संगणकावर देवनागरी उमटवणे सोपे नव्हते. माणसे रोमन अक्षरांत मराठी लिहीत आणि वाचणारा ते मनात मराठी करून घेई. मालकाने लिहायचे आणि बाकीच्यांनी वाचायचे, अशी तिथली रीत नव्हती. पाककृती, गझल, प्रवास, मुलांचे आजार, गावाकडच्या गप्पा, सारे येणाऱ्यांनीच लिहायचे आणि येणाऱ्यांनीच त्यावर बोलायचे. सासुरवाशिणीने परदेशात बसून पुरणपोळी का फाटते म्हणून विचारावे, आणि तिला कधी न पाहिलेल्या चौघींनी चार देशांतून उत्तर द्यावे!

बोलावणे कसे पसरे, ते पाहा. २००० सालापासून तिथे दिवाळी अंक निघू लागला. ज्याची कथा अंकात आली तो आपल्या मावशीला, मित्राला, जुन्या मास्तरांना कळवणारच. मास्तर ती एक कथा वाचायला येत, शेजारची दुसरी वाचत आणि तिसरीवर मत देण्यासाठी स्वतःचे नाव नोंदवत. मंडळी पुढे प्रत्यक्षही भेटू लागली. या भेटींना 'गटग' असे गमतीदार नाव पडले, आणि पावसाळी सहलीला 'वर्षाविहार'. २००४ साली 'मनोगत' आले. त्यात शुद्धलेखन तपासून देण्याची सोय होती. २००७ साली 'मिसळपाव' आले. मिसळीचे नाव घेतल्यावर आपण कोल्हापूरकर मागे कसे राहणार?

त्याच सुमारास पुष्कळांनी आपला अड्डा दुसऱ्याच्या वाड्यात थाटला. २००४ साली निघालेल्या 'ऑर्कुट'वर मराठी मंडळींचे कितीतरी समूह होते. पण ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालकांनी दार बंद केले. जुन्या चर्चांचा संग्रह काही काळ ठेवला होता, नंतर तोही काढला. त्या चर्चा लिहिणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

हे आठवण्याचे कारण आपल्या पायातच आहे. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी 'प्राडा' कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या. कोल्हापूरचे नाव मात्र घेतले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळाले होते, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. हे कोणा सरकारी पत्रकाने जगाला सांगितले नाही. समाजमाध्यमांवर साध्या माणसांनी चित्राशेजारी चित्र ठेवून सांगितले. कंपनीला मूळ मान्य करावे लागले, आणि जुलैत तिची माणसे कोल्हापुरात आली. त्या गलबल्यात चपला विकणाऱ्या काही भारतीय संकेतस्थळांची मागणी वाढली. ज्या कारागिराचे स्वतःचे पान नव्हते त्याच्याकडे मात्र या गर्दीने यावे तरी कोणत्या वाटेने?

गर्दी चार दिवसांत पांगते. ती थांबायची तर पानावर किमतीच्या पाटीखेरीज काहीतरी हवे. कापशी चप्पल कशी, कुरुंदवाडी कशी. कातडे कमावताना बाभळीची साल आणि हिरडा कशासाठी. नवी चप्पल चावते ती किती दिवस. पावसात का घालू नये. आणि खाली गिऱ्हाइकाला लिहायला जागा. कोणी विचारील, 'आजोबांची होती तशी करकर वाजणारी अजून करता का हो?' त्याला उत्तर चपला शिवणाऱ्यानेच द्यावे, आपल्या नावानिशी.