काका जेव्हा 'डीकेडीके' होतात

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्याला बखरी आणि ताम्रपट आठवतात. डोळ्यांदेखत घडलेला इतिहास लिहून ठेवायचे मात्र कुणाला सुचत नाही. संगणकावरच्या मराठीने घर बदलले, तो असाच एक इतिहास.

१९९०च्या दशकात आमच्या सक्करदऱ्यात डीटीपीची दुकाने निघाली. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका... सारे तिथेच. गंमत म्हणजे संगणकाला तेव्हा मराठी येतच नव्हते. त्याच्या लेखी सगळी अक्षरे इंग्रजीच. फॉन्टचा मुखवटा चढवला की ती मराठी दिसत. कृतिदेव फॉन्टमध्ये छोट्या 'डी'च्या जागी 'क' आणि 'के'च्या जागी काना. आपण 'काका' लिहावे आणि संगणकाने 'डीकेडीके' अशी नोंद ठेवावी! श्रीलिपीची मांडणी निराळी, इतरांची आणखी निराळी. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, त्याला पडद्यावर नुसता कचरा दिसे.

तरी या फॉन्टना नावे ठेवण्यात अर्थ नाही. यंत्राला जे जमत नव्हते, ते त्यांनी निभावून नेले. पुढे यंत्रच शिकले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिचा देवनागरी विभाग 'इस्की'च्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेला होता. आता 'क'ला जगभर एकच क्रमांक. विंडोज २०००मध्ये 'मंगल' फॉन्टसह देवनागरी आली आणि मुखवट्याची गरज संपली.

पण घर बदलले की सामानही हलवावे लागते. निवृत्तीनंतर मी एका वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका युनिकोडमध्ये आणतो आहे. फाइल एका झटक्यात बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, पण खरे काम त्यानंतरच सुरू होते. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकत. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. ती हलवताना जोडाक्षरे बिघडतात. सर्वांत नाजूक जागा तर आमच्या वस्तीच्या नावातच आहे. 'सक्करदऱ्यात' लिहायला युनिकोडमध्ये वेगळा 'ऱ' लागतो. साधा 'र' घेतला की रफार होऊन 'सक्करदर्यात' उमटते. 'आचाऱ्यांनी' लिहिलेले 'आचार्यांनी' होते आणि स्वयंपाकघरातला माणूस थेट गुरुकुलात जाऊन बसतो! हे पकडायला मराठी वाचणारा डोळाच हवा.

आपल्याकडे हे पहिल्यांदा घडत नाही. मोडी सोडून आपण बालबोधीकडे वळलो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी रोजच्या व्यवहारातून गेली. बालबोध छपाईला सोयीची होती, बदल योग्यच होता. पण जुने कागद जिथल्या तिथे राहिले, आणि आज दफ्तरांतली मोडी वाचणारे मोजकेच उरले आहेत. २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण त्याने वाचणारे वाढत नाहीत.

मोडी निदान कागदावर डोळ्यांना दिसते तरी. 'डीकेडीके'मध्ये काका ओळखणारी डीटीपीवाली मंडळी आता साठीकडे झुकली आहेत. तुमच्या शाळेची, मंडळाची एखादी फाइल जुन्या सीडीत पडून असेल, तर ती त्यांच्या हयातीतच उघडून घ्या. जुनी सोय सोडायला हरकत नाही. तिच्यात लिहिलेले मात्र सोबत न्यायला हवे.

असो.