केशवपन, आलवण आणि धर्माज्ञा

मनुष्याने कोणते वस्त्र नेसावे, केस राखावे की काढावे, कपाळी काय लावावे याविषयी धर्माने आज्ञा करावी काय, हा प्रश्न अलीकडे वरचेवर चर्चेस येत आहे. मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या देवीच्या मंदिरात तोकड्या वस्त्रांस मनाई करणारे फलक लागले व त्याच दिवशी ते मागे घ्यावे लागले. मुंबईतील एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी इत्यादी धर्मचिन्हांस मनाई केली, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईस अंशतः स्थगिती दिली. या वादांत दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे आपल्या नाभिक ज्ञातीच्या इतिहासातील एक प्रकरण वाचकांपुढे ठेवणार आहोत. कारण या प्रश्नाशी आपल्या पूर्वजांचा जो संबंध आला, तो पोथीतून आला नाही. हातातल्या वस्तऱ्यातून आला.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ब्राह्मणांत, व त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही ज्ञातींत, पती निवर्तला की स्त्रीचे केस काढीत, बांगड्या फोडीत, कुंकू पुसून मंगळसूत्र उतरवीत आणि तिला तांबडे आलवण नेसवीत. हा विधी एकदाच होऊन संपत नसे. केस वाढले की पुन्हा वस्तऱ्याखाली मान द्यावी लागे, आणि हे मरेपर्यंत चाले. बालविवाहाची चाल असल्याने पुष्कळदा ही स्त्री म्हणजे संसार म्हणजे काय हे न कळलेली मुलगीच असे. तिला मंगल कार्यात स्थान नसे, आणि तिचा वेशच ती अशुभ असल्याची दवंडी गावभर पिटीत असे.

या चालीस धर्माचा आधार म्हणून काशीखंडातील एक वचन पुढे करीत. विधवेने केस बांधले तर परलोकी पतीला बंधन पडते, असा त्याचा आशय. परंतु महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात या विषयाची बारकाईने छाननी केली आहे. मनु व याज्ञवल्क्य यांनी विधवेचे नियम सांगितले आहेत, पण त्यांत केशवपन नाही. ही चाल उत्तरकालीन आहे, असा काण्यांचा निष्कर्ष. म्हणजे जी आज्ञा सनातन म्हणून सांगितली जात होती, ती रूढी होती. आणि रूढीने धर्माचे नाव धारण केले होते.

आता आपल्या ज्ञातीकडे वळू. आज्ञा शास्त्रीबुवांची असली तरी ती अमलात आणणारा हात नाभिकाचा होता. नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणाऱ्या धान्यावर त्याचे घर चाले. गावाने सांगितलेले काम नाकारणे म्हणजे बलुत्यावर पाणी सोडणे होते. त्यातही विशेष असे की, आपल्या समाजात विधवेस पाट लावण्याची मुभा होती. जे आपल्या घरच्या लेकीबाळींच्या वाट्यास येत नव्हते, ते दुसऱ्याच्या लेकीच्या मस्तकी करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. रडणाऱ्या पोरीचे डोके धरून बसताना त्याच्या मनात काय येत असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

त्या काळी या चालीविरुद्ध आवाज उठू लागले होते. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांस आसरा दिला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषवर्गास जाब विचारला. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून केशवपनावर शस्त्र उपसले. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीतील यमूचे केशवपन वाचून घरोघरी डोळे ओले झाले. परंतु लिहिणारे लिहीत होते आणि वस्तरा चालतच होता.

अशा वेळी १८९० साली मुंबईत शेकडो नाभिक बंधू सभेस जमले. फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक व गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांची त्यामागे प्रेरणा होती. यापुढे विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असा निश्चय त्या सभेत झाला. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रानेही त्याची दखल घेतली. या निश्चयाचे मोल आजच्या पिढीने नीट समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. या लोकांनी पगारवाढ मागितली नाही, कामाचे तास कमी करा असे म्हटले नाही. हातावर पोट असणाऱ्यांनी दुसऱ्या ज्ञातीतील, आपल्याला शिवूनही न घेणाऱ्या घरातील स्त्रियांसाठी आपली मिळकत सोडली. आज्ञा देणारा कितीही मोठा असो, ती पार पाडणारा हात मागे सरला म्हणजे आज्ञा पोथीतच राहते, हे त्यांनी ओळखले.

या सभेने चाल एकदम बंद पडली असे मात्र कोणी समजू नये. विसावे शतक बरेच उलटेपर्यंत ती रेंगाळत राहिली. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला व १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या केशवपन झालेल्या विधवा. त्याच वेशात त्यांनी आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमविली, आणि पुढे विचारपूर्वक तो वेश टाकून केस राखले. पूर्वीचा वेश त्यांना इतरांनी दिला होता. टाकण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

येथे कोणी विचारील, मग धर्मातील वेश व मुंडण सर्वच त्याज्य मानावयाचे काय? आम्ही नाशिककर तसे म्हणूच शकत नाही. आपल्या रामकुंडावर आईबापांच्या कार्यासाठी मुलगा स्वखुशीने क्षौर करवून घेतो. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी साधू मस्तक मुंडवून संन्यासदीक्षा घेतात. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो. आपल्या संत सेनामहाराजांनीही तोच भक्तिमार्ग धरला. वस्तरा तोच आणि गोदावरीचे पाणीही तेच. संन्याशाच्या मस्तकावर जे व्रत होते, ते विधवेच्या मस्तकावर शिक्षा झाले, कारण तिला कोणी विचारले नव्हते. आपल्या शिवा काशीद यांनी १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवछत्रपतींचा वेश स्वतः होऊन चढविला व त्या वेशात प्राण दिले. मनापासून घेतलेल्या वेशात एवढे सामर्थ्य असते. लादलेल्या वेशात ते कोठून येणार?

हा दोष एकाच धर्माचा आहे असेही नाही. गोव्यात १७३६ साली पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने ख्रिस्ती झालेल्या लोकांस फर्मान काढले की, पुरुषांनी धोतर नेसू नये व स्त्रियांनी हिंदू पद्धतीची चोळी घालू नये. इराणात १९३६ मध्ये राजाने स्त्रियांचा बुरखा सक्तीने उतरविला आणि १९७९ च्या क्रांतीनंतर तेथेच तो सक्तीने चढविण्यात आला. दोन्ही वेळा स्त्रीचे मत कोणी विचारले नाही. उलट डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य गणलेल्या भगिनींना सांगितले की, गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि हातभर कथिलाच्या पाटल्या ही जातीची खूण आहे, ती टाका. तेथे कोणावर सक्ती नव्हती. त्या भगिनींनी आपल्या हाताने लुगडे घोट्यापर्यंत नेसले.

केशवपन व आलवण आता गेले, परंतु त्यांचा अवशेष उरला आहे. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीस मे २०२२ मध्ये ठराव करावा लागला की, पती निधन पावल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या चाली गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ज्या समाजात एके काळी पाट लागत असे, त्या आपल्यासारख्या ज्ञातींनी प्रतिष्ठेच्या मोहाने वरच्या म्हणविणाऱ्यांची चाल उचलली आणि आपल्याच लेकींच्या बांगड्या फोडल्या, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही.

तेव्हा ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती एवढीच की, १८९० च्या त्या सभेचा अभिमान केवळ भाषणात बाळगू नये. दहाव्या दिवशी बांगड्या फोडावयास पुढे होणारा हात आज आपल्याच घरातल्या थोरल्या बाईचा असतो. तो तिने मागे घ्यावा. कुंकू लावावे की न लावावे, हे जिचे कपाळ तिने ठरवावे. दुःखाने न लावावेसे वाटले तर तोही तिचाच अधिकार. आणि आपल्या संस्थेच्या हळदीकुंकवाचे निमंत्रण या वर्षीपासून प्रत्येक घरी, त्या घरातील सर्व स्त्रियांच्या नावाने जावे.