टॉर्क कन्व्हर्टरची निवड : एका कारागिरीची जडणघडण

श्टेटीन येथील व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यातील जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवाच्या माध्यमातून शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर मोटारगाडी नव्हती; अतिवेगाने फिरणारे वाफेचे टर्बाइन आणि संथ फिरावा लागणारा जहाजाचा पंखा यांचा मेळ कसा घालावा, हा त्यांचा प्रश्न होता. या यंत्रणेत, म्हणजेच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, इंजिनाने फिरवलेला पंप तेल फेकतो, ते तेल समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळून त्याला फिरवते, आणि परतणाऱ्या तेलाची दिशा मधली स्थिर पाती, म्हणजे स्टेटर, अशी वळवतात की गाडी सुटतेवेळी टर्बाइनला मिळणारा पीळ, अर्थात टॉर्क, इंजिनाच्या टॉर्कच्या दुपटीपर्यंत किंवा थोडा अधिकही वाढतो. स्टेटर नसेल तर ते निव्वळ फ्लुइड कपलिंग ठरते, जे टॉर्क पोहोचवते पण वाढवत नाही. १९४० च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबिल गाड्यांत आलेल्या हायड्रामॅटिक या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये असे कपलिंगच होते. अमेरिकी प्रवासी गाडीत खरा कन्व्हर्टर आला तो १९४८ च्या ब्यूइक रोडमास्टरमधील डायनाफ्लोच्या रूपाने.

डायनाफ्लो चालताना गिअर आपोआप बदलत नसे. गाडीला लागणारा सारा वाढीव टॉर्क कन्व्हर्टरनेच पुरवावा, अशी तिची कल्पना होती, आणि म्हणून ती जितकी गुळगुळीत तितकीच सुस्त व इंधनखाऊ ठरली. त्या काळी कोणता कन्व्हर्टर बसवावा हे कारखानाच ठरवी आणि दुरुस्ती करणारा कारागीर तोच पुन्हा बसवी. निवड हा प्रश्न उभा राहिला तो सरळ पट्ट्यावर पाव मैलाची शर्यत लावणाऱ्यांमुळे. शर्यतीसाठी बदललेले इंजिन कमी वेगात दुबळे असते. त्याला मूळचा ‘घट्ट’, म्हणजे कमी वेगातच इंजिनाला जखडणारा, कन्व्हर्टर जोडला, तर सिग्नलला ब्रेक दाबून उभे असतानाच ते गुदमरू लागते आणि सुटताना गाडीला झेप घेता येत नाही.

टर्बाइन रोखून धरले असता इंजिन जास्तीत जास्त जितके फेरे घेऊ शकते, त्याला स्टॉल स्पीड म्हणतात. हा आकडा जणू कन्व्हर्टरवरच कोरलेला असतो असे समजणे, ही या क्षेत्रातील सर्वांत चिवट चूक होय. पात्यांची रचना तीच ठेवली, तर कन्व्हर्टर पेलू शकणारा टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो; म्हणजे १२ इंचांऐवजी १० इंची कन्व्हर्टर घेतला, तर त्याच वेगाला तो जेमतेम ४० टक्के टॉर्क पेलतो आणि त्याच इंजिनामागे स्टॉल स्पीड दीडपटीहून अधिक चढते. त्याच न्यायाने, एकच कन्व्हर्टर दुप्पट टॉर्कच्या इंजिनामागे लावला की त्याचे स्टॉल स्पीड सुमारे १.४ पट होते. शेव्हरोले व्हेगासारख्या लहान गाडीचा छोटा कन्व्हर्टर मोठ्या व्ही-८ इंजिनामागे बसवण्याची शर्यतवाल्यांची युक्ती याच नियमावर उभी होती, मग तो नियम सूत्ररूपाने त्यांना ठाऊक असो वा नसो. गिअरचाही यात वाटा असे : पॉवरग्लाइड गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर १.७६, तर टर्बो-३५० गिअरबॉक्सचे २.५२, त्यामुळे दोनच गिअरच्या पॉवरग्लाइडला सुटतेवेळी कन्व्हर्टरवर अधिक विसंबावे लागे.

‘सैल’, म्हणजे चढ्या स्टॉल स्पीडच्या, कन्व्हर्टरची किंमत मात्र उष्णतेत मोजावी लागते, कारण घसरणीत वाया जाणारी शक्ती तेलच तापवते. हमरस्त्यावरील ही घसरण टाळण्यासाठी पंपाकडची व टर्बाइनकडची बाजू क्लचने थेट जोडण्याची, म्हणजे लॉक-अपची सोय पॅकार्डने १९४९ मध्येच केली होती. पण तिचा सर्रास प्रसार इंधनटंचाईनंतर झाला. क्रायस्लरने ती १९७८ च्या मॉडेलांत आणली, आणि त्यासाठी इनपुट शाफ्टही बदलला, म्हणून लॉक-अपचा व बिनलॉक-अपचा कन्व्हर्टर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तत्पूर्वीही त्याच कंपनीच्या टॉर्कफ्लाइट ७२७ गिअरबॉक्समध्ये १९६६ पर्यंत शाफ्टवर १९ स्प्लाइन, म्हणजे लांबट खाचा, होत्या आणि १९६७ पासून २४ झाल्या. बाहेरून सारखे दिसणारे दोन कन्व्हर्टर असल्यामुळे, स्प्लाइन न मोजता माल मागवणाऱ्या दुकानदाराला तो परत पाठवावा लागे.

गिअरबॉक्सच्या पुनर्बांधणीत जुनाच कन्व्हर्टर पुन्हा बसवण्याचा मोह कारागिरांनी सहसा टाळला, तो केवळ वेगाच्या हिशेबाने नव्हे. जळालेल्या क्लचचा कीस आणि धातूचा चुरा तेलाबरोबर त्याच्या वेल्ड केलेल्या कवचात जाऊन बसतो, आणि बाहेरून कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही; तसाच तो बसवला तर नव्याने बांधलेल्या गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये तोच गाळ परततो. यातूनच कन्व्हर्टर दुरुस्तीचा स्वतंत्र धंदा उभा राहिला, ज्यात कवचाचे वेल्ड लेथवर कापून ते उघडले जाते, आतील बेअरिंग व स्टेटरचा एकदिशा क्लच तपासून बदलला जातो, आणि पुन्हा वेल्ड करून गळती व तोल पाहिल्यावरच तो गिअरबॉक्सवाल्याच्या हाती दिला जातो.